खुंटीवरची अमानत

आमच्या घरात शिरताच उजव्या हाताच्या भिंतीवर एक लाकडी खुंटी आहे. आज तिच्यावर काहीच टांगलेले नाही. येणारे-जाणारे विचारत नाहीत आणि आपण होऊन सांगावे असे आम्हालाही कधी वाटले नाही. पण "या खुंटीची हकीकत लिहा, दुसऱ्या घरांच्याही कामी येईल," असे मुलीने धरून बसल्यामुळे लिहायला घेतले आहे.

आम्ही दोघे नवरा-बायको कारध्याला राहतो. भंडारा शहरातून निघून वैनगंगेचा पूल ओलांडला की आमचे गाव. पावसाळ्यात वर्तमानपत्रात 'कारधा येथे नदीची पातळी' अशी ओळ येते, ते हेच कारधा. येथे २४५.५० मीटर ही धोक्याची खूण आहे, हे गावातल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. आमच्यातल्या एकाचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे, दुसरी घरी शिलाईकाम करते. खाऊन-पिऊन सुखी आहोत, अल्हम्दुलिल्लाह. पण महिनाअखेरीस हिशेब करावा लागतो, तो करावाच लागतो.

अब्बांनी उमेदीची वर्षे भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या कामात काढली. पत्रा कापणे, वळवणे, सांध्याला डाख देणे, घासून चकाकी आणणे हे सगळे त्यांच्या हातात होते. काम सुटले, नजरही थोडी मंदावली, तेव्हा त्यांनी एक नाद लावून घेतला. मासेमारीच्या काठ्या करायच्या आणि मोडलेल्या दुरुस्त करायच्या. आमच्याकडे गळाला गरी म्हणतात. नदीकाठी पोरे हातात येईल त्या काठीला दोरा बांधून गरी टाकतात. अब्बांची काठी तशी नव्हती.

ती दोन तुकड्यांची असे, म्हणजे सायकलला बांधून नेता यावी. बांबू मानवेलाचा. कोरड्या रानातला मानवेल आतून जवळजवळ भरीव असतो, म्हणून वाकतो पण पटकन मोडत नाही. अब्बा पावसाळा संपून थंडी पडल्यावर तोडलेला बांबूच घेत, कारण त्या दिवसांतल्या बांबूत खळ कमी असते, आणि भुंगेरा लागतो तो खळीवरच. मग तो काही दिवस वाहत्या पाण्यात बुडवून ठेवायचा आणि नंतर आढ्याखाली सावलीत महिनोन्‌महिने वाळवायचा. वाकडा असेल तेथे चुलीच्या धगीवर शेकून, ओल्या फडक्याने दाबून सरळ करायचा. दोन तुकडे जोडायला पितळेच्या पत्र्याच्या नळ्या, एक दुसरीत घट्ट बसेल अशी. त्या नळ्या बांबूवर बसवायच्या लाख तापवून. दोरा जाण्यासाठी पितळी तारेच्या कड्या, खालून दूर दूर आणि शेंड्याकडे जवळ जवळ, कारण काठी वाकते ती शेंड्याकडे जास्त. कड्यांचे पाय रेशमी दोऱ्याने गुंडाळून वर रोगण. एक काठी पुरी व्हायला पाच-सहा महिने लागत. पैसे घेत ते फक्त सामानाचे, तेही समोरच्याने दिले तर.

आता आमची चूक सांगतो. २०१९चा रमजान मे महिन्यात आला होता. ऊन मी म्हणत होते, दुकानात गिऱ्हाईक नव्हते, विजेचे बिल थकले होते आणि ईद तोंडावर होती. अशात अब्बांनी पेन्शनीच्या तुटपुंज्या पैशांतून सहाशे रुपयांचे रेशीम, रोगण आणि पितळी तार आणली. आमच्यातला एक म्हणाला, "अब्बा, या काठ्यांनी घर चालत नाही." दुसरीने तोंडाने काही म्हटले नाही, पण त्याच आठवड्यात आढ्याखाली वाळत ठेवलेले बांबू काढून अंगणात वालाच्या वेलाला मांडव घातला. एक उरला, तो ओसरीत कपडे वाळत घालायला टांगला. कोणाचे कृत्य जास्त वाईट होते यावर आम्ही नंतर पुष्कळ विचार केला. उत्तर असे, की दोघांचेही.

अब्बा काही बोलले नाहीत. मांडवाकडे एकदा पाहिले आणि नमाजला निघून गेले. त्यानंतर त्यांनी काठी हातात घेतली नाही. आम्हाला वाटले, बरे झाले, नाद सुटला.

पुढच्या वर्षी टाळेबंदी आली आणि ऑगस्टच्या अखेरीस महापूर. मध्य प्रदेशात वर पाऊस कोसळला, संजय सरोवराचे पाणी सुटले, खाली गोसीखुर्दचे तेहतीसही दरवाजे उघडलेले. रात्रीतून पाणी चढत आले. आम्ही मुलांना आणि अब्बांना घेऊन उंचावर गेलो. परत आलो तेव्हा घरात गुडघ्याएवढा गाळ होता. शिलाई मशीन, धान्य, कपडे, मुलांची पुस्तके, सगळे त्याच गाळात. मांडव तर वेलासकट वाहून गेला होता. माळ्यावरच्या खोक्यातली एक काठी तेवढी वाचली. तिचा शेंडा पितळी नळीच्या अगदी खाली चिरलेला होता. अब्बांनी ती स्वच्छ धुतली, पुसली आणि या खुंटीला टांगली. आम्ही गाळ उपसत होतो, तेव्हा ते बराच वेळ तिच्याकडे पाहत बसले होते. आम्हाला वाटले, आठवणी काढत असतील.

जानेवारी २०२१ मध्ये अब्बा अल्लाहला प्यारे झाले. पुराने घरातला एकही फोटो ठेवला नव्हता. त्यामुळे ती काठी हीच त्यांची निशाणी, असे आम्ही ठरवले. येणाऱ्याला दाखवायचो, "ही अब्बांच्या हातची." सांगताना अभिमान वाटायचा. ज्या कामाला आम्ही नावे ठेवली, त्याचाच अभिमान!

दोन-अडीच महिन्यांनी ढिवर मोहल्ल्यातले एक काका आले. चहा घेतला, अब्बांच्या आठवणी काढल्या. उठता उठता खुंटीकडे पाहून संकोचत म्हणाले, "भाऊ, ती काठी आमची हाय. शेंडा चिरला होता म्हणून अब्बांजवळ दिली होती, दोन वर्षं झाली. दोनशे रुपयेबी दिले होते सामानाचे. आधी लाकडाऊन, मग पूर, मग अब्बाच गेले. आता इचारू का नको, कळत नव्हतं. पोराची हाय, म्हणून."

त्यांच्या मुलाच्या पायात बळ नाही. तो डोंग्यात बसून जाळे टाकू शकत नाही. काठावर बसून गरी टाकता यावी म्हणून अब्बांनी त्याच्यासाठी ती हलकी काठी केली होती.

आमच्या पायाखालची जमीन सरकली. दोन वर्षांपूर्वी, म्हणजे आम्ही बोललो त्याच्या थोडे आधी. अब्बांनी रेशीम आणि तार आणली ती याच काठीसाठी, या काकांच्या पैशांत स्वतःची भर घालून. आमच्या एका वाक्याने आणि एका मांडवाने ते काम थांबले. अब्बा अमानत डोक्यावर घेऊन गेले, आणि आम्ही दुसऱ्याची वस्तू आमची निशाणी म्हणून मिरवत होतो. मरणाऱ्याचे देणे वारसांनी वाटणीच्याही आधी फेडायचे असते, हे आम्हाला ठाऊक होते. अब्बांवर कोणाचे देणे नाही, असे आम्ही दफनाच्या वेळी चारचौघांत सांगितलेही होते.

आम्ही दोनशे रुपये पुढे केले. काका म्हणाले, "पैसे नको, काठी होईल का?" आम्ही हो म्हटले. येत नसताना म्हटले.

सायकलवाल्याला धातूचे काम थोडे कळते, शिवणारीला दोऱ्याचे. त्या भरवशावर कामाला लागलो. बांबू कुठून आणायचा हा प्रश्न नव्हता. कपडे वाळत घालायचा तो एक मानवेल ओसरीत उंच टांगलेला असल्यामुळे पुरातूनही राहिला होता. चांगला कडकडीत वाळला होता. त्याच्या निमुळत्या टोकाकडून शेंडा काढला.

पहिला शेंडा मोडला. पेर सपाट करताना आम्ही वरची साल खोलवर तासली. बांबूची ताकद असते ती बाहेरच्या सालीजवळच्या दाट तंतूंत. ते कापले की उरतो नुसता भुसा. दुसऱ्या वेळी पेर चाकूने न तासता काचकागदाने हलके घासले, शेंडा टिकला, पण कड्या एका रेषेत बसल्या नाहीत. दोरा घासू लागला. सगळे उसवून तिसऱ्यांदा केले. पितळी नळी दिव्यावर शेकली तेव्हा आतली जुनी लाख विरघळली आणि तो ओळखीचा वास घरभर पसरला. मुलगा म्हणाला, "दादाजींचा वास." आम्ही दोघेही काही बोललो नाही.

दोरा गुंडाळण्याची युक्ती वाचकांसाठी लिहून ठेवतो. दोऱ्याला सारखा ताण हवा, म्हणून तो एखाद्या जाड वहीच्या पानांमधून ओढून घ्यावा आणि वहीवर वजन ठेवावे. सुरुवातीचे टोक पहिल्या आठ-दहा वेढ्यांखाली दाबावे. शेवटचे आठ-दहा वेढे राहिले की दुसऱ्या दोऱ्याचा एक फास आडवा ठेवून त्यावरून वेढे द्यावेत. मग टोक त्या फासात ओवून फास ओढला की टोक आपोआप आत जाते. गाठ कुठेच नाही. रोगण दिल्यावर काठी आडवी ठेवून वाळेपर्यंत थोड्या थोड्या वेळाने फिरवत राहावी, नाहीतर रोगण एका बाजूला ओघळते. ते काम मुलांनी वाटून घेतले. एक अभ्यास करी, दुसरा फिरवी.

शेवटी टोकाला किलोभर तांदळाची पिशवी बांधून पाहिली. काठी कमानीसारखी सारखी वाकली, सांध्याने आवाज केला नाही. जुम्म्याच्या नमाजनंतर आम्ही सगळे मिळून ती परत देऊन आलो. काकांच्या मुलाने ती हातावर तोलून पाहिली आणि म्हणाला, "थोडी जड झाली, पण चालते." आमच्या दृष्टीने ती फार मोठी पावती होती, कारण ती खरी होती. आठवडाभराने त्याने धरलेला एक मृगळ आमच्या घरी आला.

तेव्हापासून अब्बांचा नाद आम्हाला लागला आहे. आता लोक काचतंतूच्या आणि कार्बनच्या काठ्या आणतात. मुलीने वाचून सांगितले, की हेन्री सलिव्हन थॉमस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७३ साली हिंदुस्थानातल्या गरीच्या मासेमारीवर आख्खे पुस्तक लिहिले. आणि एके काळी विलायत-अमेरिकेत उंची काठ्या ज्या 'कलकत्ता' बांबूच्या होत, तो आपलाच मानवेल. ऐकून अब्बा खूश झाले असते. नव्या काठ्याही जुन्यांसारख्याच मोडतात, बहुतेक वेळा माशाने नव्हे तर गाडीच्या दारात सापडून. मधोमध मोडली तर आत बेताने बसेल असा दुसऱ्या जुन्या काठीचा तुकडा घालून, चिकटवून, वरून दोऱ्याचे वेढे देतो. कार्बनची भुकटी फुप्फुसाला वाईट, म्हणून ती ओली करून, तोंड बांधूनच घासावी. आणि कार्बनच्या काठीतून वीज वाहते. विजेच्या तारांखाली किंवा ढग गडगडत असताना ती कधीही उभी धरू नये. मुलांना एवढे तरी जरूर सांगा.

आमचे तीन नियम आहेत. पहिला, खाण्यापुरताच मासा धरायचा. निव्वळ करमणुकीसाठी जीव घेणे आपल्या दीनला पसंत नाही. दुसरा, पावसाळ्यात मासा अंड्यावर असतो, तेव्हा गरी नाही. आणि जेथे ढिवर बांधवांची रोजी आहे तेथे त्यांना विचारल्याशिवाय नाही. तिसरा नियम आमच्या चुकीतून आला. दारात एक वही ठेवली आहे. कोणाची काठी, काय मोडले, किती पैसे घेतले, कोणत्या दिवशी द्यायची, सगळे लिहायचे आणि खाली दोघांनी सही करायची. देण्याघेण्याचे लिहून ठेवा, ही सूरह बकरामधली ताकीद आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. तिची गरज मात्र एका काठीने पटवली.

आपल्या घरातही कोणी वडीलधारे असा काही खटाटोप करत असतील. रेडिओ उघडत असतील, चटया विणत असतील, कलमे बांधत असतील. त्यातून घर चालत नसेलही. पण त्यांना टोकण्याआधी एकदा विचारा, हे कोणासाठी चालले आहे? आम्ही विचारले असते तर अब्बांनी सांगितले असते. आणि ती काठी त्यांनी स्वतःच्या हाताने त्या मुलाला दिली असती.

खुंटी आम्ही काढली नाही. रिकामीच ठेवली आहे. अल्लाह अब्बांना मगफिरत देवो आणि आम्हाला अमानत ओळखण्याची तौफीक देवो. आमीन.