न मोजलेली वर्षे

'श्रम' या शब्दावर आपण वर्गात पुष्कळ बोलतो. त्याचा अर्थ व्यवहारात कोण ठरवतो, हे मात्र मला कोणत्याही समीक्षाग्रंथाने नव्हे, तर मावशीच्या नावे आलेल्या मिळकतीच्या उताऱ्याने शिकवले. एका स्तंभात वर्ष, दुसऱ्यात रक्कम. बहुतेक वर्षांपुढे शून्य.

अमेरिकेच्या सामाजिक सुरक्षा कायद्यात अपंगत्व-विमा आला तो 1956 साली. तो वेतनातून कापलेल्या करावर उभा आहे; म्हणून शरीर आता काम करू शकत नाही एवढे सांगून भागत नाही, पूर्वी पुरेसे काम केले होते हेही दाखवावे लागते. हे 'पुरेसे' क्रेडिटमध्ये मोजतात. 2025 साली 1,810 डॉलर कमाईला एक क्रेडिट मिळे. वर्षाला जास्तीत जास्त चार. साधारणतः 40 लागतात, आणि त्यांपैकी 20 अपंगत्वापूर्वीच्या दहा वर्षांतले. तरुणांना वयानुसार कमी पुरतात. अंधांना अलीकडच्या कामाची अट नाही. इतरांच्या बाबतीत मात्र श्रमही शिळे होतात: वीस वर्षे राबून जो पाच-सहा वर्षे घरी बसला, त्याचे संरक्षण बहुधा संपलेले असते.

मावशीने कोल्हापुरात अकरा वर्षे शाळेत शिकवले. 1998 साली ती काकांबरोबर न्यू जर्सीला गेली, ती अवलंबितांच्या व्हिसावर. त्या व्हिसावर तेव्हा नोकरीची परवानगीच नव्हती. काही जणींना ती मिळाली 2015 साली. ग्रीन कार्ड आल्यावर तिने तीन वर्षे पाळणाघरात काम केले. 2012 पासून अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचे सारे तीच करत होती. 2019 साली तिला अर्धांगाचा झटका आला. तिच्या खात्यावर 12 क्रेडिट होते. भारत आणि अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नाही, त्यामुळे कोल्हापूरची वर्षे जमेस धरली गेली नाहीत. 1974 पासून चालू असलेली दुसरी योजना कामाचा इतिहास विचारत नाही, पण नवऱ्याची मिळकत विचारते. तोही मार्ग बंद झाला.

हप्ता भरला नाही तर विमा कसा मिळेल, हा युक्तिवाद मला समजतो. तथापि जो कायदा आधी कमावू देत नाही, तोच पुढे कमाईचा पुरावा मागतो, ही विसंगती त्याने मिटत नाही. शिवाय सासूबाईंसाठी पगारी परिचारिका ठेवली असती, तर तेच काम तिच्या उताऱ्यावर 'काम' म्हणून उमटले असते.

काफ्का 1908 पासून प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत होता. क्षयामुळे 1922 साली तो निवृत्तिवेतनावर गेला. ते वेतन कचेरीतल्या दिवसांचे होते. ज्या रात्रींसाठी आपण त्याला वाचतो, त्या कोणत्याही नोंदवहीत नव्हत्या. पण त्या रात्रींची हस्तलिखिते उरली. मावशीच्या रात्रींचे असे काही उरलेले नाही.

हे अटळ आहे असे मात्र नव्हे. जर्मनीत 1995 पासून, ठरावीक अटींवर, घरी आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याच्या नावे निवृत्तिवेतन-विम्याचा हप्ता भरला जातो. म्हणजे ही वर्षे मोजता येतात. ती मोजायची की नाही, एवढेच ठरवायचे असते.

नकाराचे पत्र मी वाचून दाखवले, तेव्हा अडखळत्या जिभेने मावशीने विचारले, "म्हणजे मी काहीच केलं नाही का गं?"