अन्न बाधले म्हणे!

प्रवासाला निघालेल्या माणसाला आपण तीन गोष्टी सांगतो. "सावकाश जा", "पोचल्यावर कळव" आणि "बाहेरचं काही खाऊ नकोस." पहिल्या दोन गोष्टी रीत म्हणून सांगितल्या जातात, तिसरी मात्र अगदी पोटातून येते. गाडी दरीत कोसळेल, विमान पडेल, असली भीती आपण तोंडाने उच्चारत नाही. आपला सारा संशय अन्नपाण्यावर. म्हणून तर युरोपच्या सहलीबरोबर मराठी आचारी जातो आणि आल्प्सच्या पायथ्याशी पोह्यांवर कोथिंबीर पडते.

गंमत अशी की, जगाच्या दृष्टीने 'बाहेरचे' म्हणजे आपणच! अजिंठा-वेरूळ पाहायला आलेले परदेशी पाहुणे कधीमधी पैठण गेटकडून औरंगपुऱ्यात येतात, पुस्तकांच्या दुकानांसमोर रेंगाळतात. त्यांच्या बगलेत सीलबंद पाण्याची बाटली असते आणि उसाच्या रसाच्या गाड्याकडे ते अशा नजरेने पाहतात, की जणू त्या चरकातून मृत्यूच गाळून निघतो आहे. त्यांच्याही घरी कोणा आजीने निघताना बजावले असणार. आजी सगळ्या देशांत सारख्याच.

'बाधणे' हे आपल्या भाषेतले मोठे सोयीचे क्रियापद आहे. रात्री खाल्लेली काकडी बाधते, नव्या गावचे पाणी बाधते, तान्ह्या मुलाला दृष्ट बाधते आणि अवसेच्या रात्री पिंपळाखालून गेले तर 'बाहेरचे' सुद्धा बाधते. कारण ठाऊक नसले की बाधा झाली म्हणावे आणि मोकळे व्हावे. वर्तमानपत्रातली 'अन्नातून विषबाधा' ही याच घराण्यातली. ती शास्त्रीय दिसते एवढेच. पुष्कळदा तिच्यामागे पिंपळाखालच्या बाधेपेक्षा जास्त चौकशी झालेली नसते.

खरी विषबाधा नसते असे मला म्हणायचे नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत लोणार तालुक्यातल्या सोमठाणा गावी सप्ताहातला एकादशीचा प्रसाद खाऊन शेकडो माणसे आजारी पडली. दवाखान्यात जागा नव्हती. उघड्यावर दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या लटकवल्या होत्या; ते छायाचित्र अनेकांना आठवत असेल. मोठ्या पातेल्यात शिजवून तासन् तास कोमट राहिलेल्या अन्नात जंतू वाढतात, आणि काही जंतूंचे विष पुन्हा उकळी आणली तरी मरत नाही. पण अशा आजारात धडधाकट माणसाला मारते ते बहुधा अंगातले पाणी संपणे. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसवरून चारच्या खाली आले. मीठ आणि साखर! ज्या स्वयंपाकघरावर आपण आळ घेतो, त्याच्याच फळीवरचे दोन डबे.

म्हणूनच रात्री जेवून झोपलेला निरोगी माणूस सकाळी मेलेला सापडला की 'जेवण बाधले' हे उत्तर मला पटत नाही. जेवण एवढ्या घाईने क्वचितच मारते.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये इजिप्तमधल्या हुरघाडा या समुद्रकाठच्या गावी एक इंग्रज दांपत्य मुलगी आणि नातवंडांसह सुट्टीवर गेले होते. एका सकाळी नवराबायको खोलीत अत्यवस्थ स्थितीत सापडली आणि काही तासांच्या अंतराने दोघेही गेले. तिथल्या सरकारी वकिलांनी कारण सांगितले ते पोटातल्या ई. कोलाय जंतूंचे. म्हणजे पुन्हा अन्नच! मुलीला ते पटले नाही. इंग्लंडमध्ये चौकशी चालली आणि २०२३ च्या नोव्हेंबरात निर्णय लागला. आदल्या दिवशी शेजारच्या खोलीत ढेकणांसाठी औषध फवारले होते. दोन खोल्यांमध्ये एक दार होते. त्याच्या फटींना चिकटपट्टी लावलेली. त्या औषधातल्या डायक्लोरोमिथेन या द्रव्यामुळे शरीरात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्यानेच दोघांचा बळी घेतला होता. त्यांची नात त्या रात्री आजी-आजोबांच्या खोलीत झोपणार होती. वास येतो म्हणून ती उठून आईवडिलांच्या खोलीत गेली आणि वाचली. जे लहान मुलीच्या नाकाला कळले, ते कागदावर यायला पाच वर्षे लागली.

दुसरी हकिगत २०२५ च्या नोव्हेंबरातली, इस्तंबूलची. जर्मनीहून आलेले आईवडील आणि दोन लहान मुले. चौघेही एका आठवड्याच्या आत गेली. त्यांनी रस्त्यावर भरलेले शिंपले खाल्ले होते, म्हणून पोलिसांनी आधी कोणाला धरले असेल? खाद्यपदार्थ विकणाऱ्यांना. मग त्याच हॉटेलातले इतर पाहुणेही आजारी पडले, ढेकणांच्या औषधाची गोष्ट बाहेर आली आणि न्यायवैद्यक तपासणीत फॉस्फीन वायूचा माग लागला.

फॉस्फीन हे नाव परके वाटते, पण वस्तू आपल्या घरातली आहे. मराठवाड्यात गव्हाच्या कोठीत कीड लागू नये म्हणून ज्या गोळ्या ठेवतात, त्यांना हवेतला ओलावा लागला की हाच वायू सुटतो. बंद खोलीत धान्य आणि त्याच खोलीत झोपायची अंथरुणे, असे संसार आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहेत! पुण्यात बिबवेवाडीला २०२० च्या फेब्रुवारीत घरात कीटकनाशक फवारल्यानंतर एक दांपत्य दगावले. त्यांना तर परदेशी जावेही लागले नाही. (वसतिगृहातल्या मित्रमैत्रिणींनो, ढेकणांवर औषध मारून खिडक्या लावून झोपू नका. ढेकूण परवडले.)

आता हे सारे मी का धुंडाळत बसले, ते सांगायला हवे. २००८ च्या जानेवारीत आमचे थोरले काका नेपाळच्या यात्रेला गेले. बस औरंगपुऱ्यातूनच निघाली होती. काकूने दोन डबे भरून धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि डिंकाचे लाडू दिले होते; काकांना बाहेरचे चालत नसे. काठमांडूच्या अलीकडे डोंगरात एका लॉजवर मुक्काम पडला. सकाळी दार वाजवून वाजवून फोडले, तेव्हा काका गेलेले होते आणि खोलीतले त्यांचे सोबती ओकारीत बेशुद्ध पडलेले. सोबती वाचले. जवळच्या दवाखान्यातून जो कागद मिळाला त्यावर कारण होते 'फूड पॉइझनिंग'. इतक्या लांबून देह कसा आणायचा म्हणून पशुपतिनाथाच्या आर्यघाटावरच अग्नी दिला. भाग्यवान, असे सगळे म्हणाले. चितेनंतर तपासायला काही उरत नाही, हे त्या वेळी कोणाच्या मनात येणार?

कागद घरी आला आणि त्या दोन शब्दांचा अर्थ घरादाराने एकच लावला. काका बाहेरचे खात नव्हते; मग त्यांनी काय खाल्ले होते? काकूला कोणी तोंडावर बोलले नाही. फक्त एकदा एका लांबच्या नातेवाईक बाईंनी, "धपाट्यात दही जरा जास्त झालं होतं का गं?" एवढे विचारले. त्या दिवसापासून आमच्या घरात काकूच्या हातचे धपाटे झाले नाहीत. सणावाराला ती भाजी चिरते, भांडी घासते. शिजवायला पुढे होत नाही. लोक म्हणतात, बिचारीने धसका घेतला. मला वाटते, तिने शिक्षा घेतली.

त्याच डब्यातले धपाटे बसमधल्या सात-आठ जणांनी खाल्ले होते आणि त्यांना साधी ढेकरही आली नव्हती. हे घरात सगळ्यांना माहीत होते. तरी ती दोन वाक्ये शेजारी शेजारी ठेवून पाहायचे कोणाला सुचले नाही. छापील कागदाचा दरारा!

२०२० च्या जानेवारीत नेपाळमध्येच, दामन या थंड हवेच्या ठिकाणी, केरळचे आठ पर्यटक एका खोलीत मृत्युमुखी पडले. चार त्यात मुले होती. खोलीत गॅसचा हीटर होता आणि दारेखिडक्या बंद. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो डोके दुखवतो, चक्कर आणतो, ओकारी करवतो, म्हणजे नेमकी विषबाधेची सोंगे घेतो. फरक एवढाच की ताप नसतो, एका खोलीतली माणसे एकदम आजारी पडतात आणि मोकळ्या हवेत आणले तर सावरू लागतात.

ती बातमी पुढे माझ्या वाचनात आली आणि मी काकांच्या त्या सोबत्यांकडे गेले. ते आता थकले आहेत. खोली कशी होती, असे विचारल्यावर बऱ्याच वेळाने म्हणाले, "थंडी फार होती. लॉजवाल्यानं कोळशाची शेगडी आणून दिली. खिडकीच्या फटीत आम्हीच पेपर कोंबला." मग म्हणाले, "हे मला आजवर कोणी विचारलंच नाही."

मी काकूला सगळे सांगितले. इजिप्तचे, इस्तंबूलचे, दामनचे वाचून दाखवले, शेगडीचेही सांगितले. शेगडीनेच झाले, असे मी म्हटले नाही; ते आता कोणालाच सिद्ध करता यायचे नाही. ती पदराने चष्मा पुसत ऐकत होती. मला वाटले, रडेल, निदान सुटल्यासारखा श्वास तरी टाकेल. तिने विचारले, "त्यांना झोपेतच आलं असेल का गं? जाग नसेल ना आली?"

"नसेल," मी म्हणाले. "झोपेतच गुंगी येते म्हणतात."

"आणि जेवले होते ना रात्री?"

"हो. सोबतचे काका म्हणाले, तीन धपाटे खाल्ले. चटणी संपली होती, म्हणून नुसतेच खाल्ले."

"तीन?" काकू म्हणाली. "घरी दोनच खायचे."