मोकळ्या शब्दाची किंमत

राज्यघटनेने भाषणस्वातंत्र्य दिले, आता काहीही छापावे, असे आमच्या स्मृतिनगरातील काही सुशिक्षित मंडळी मानतात. त्याच १९व्या कलमात अब्रूनुकसानीचा अपवाद आहे, हे मात्र कोणी वाचीत नाही. नुसते सत्यही पुरत नाही. फौजदारी कायद्यात ते लोकहितार्थ सांगितलेले असावे लागते. ‘दुसऱ्याचेच पत्र छापले’ ही सबबही लटकीच! कोल्हापूरचे दिवाण बर्वे यांच्याविरुद्धची पत्रे टिळक-आगरकरांनी खरी मानून छापली. ती बनावट ठरली. हेतू शुद्ध, तरी १८८२ साली चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. सुटकेनंतर लोकांनी त्यांचा जयजयकार केला, तो योग्यच. परंतु त्या खोट्या पत्रांनी बर्व्यांच्या घरी काय वाटले असेल, हा विचारही आमच्या मनातून जात नाही.