हा एवढा घाणा होऊ दे!

मैत्रिणींनो, दुखणं अंगावर काढण्यात आपला हात कोण धरणार? मीही त्यातलीच. २०१८ सालच्या दिवाळीत त्याची किंमत मोजली, म्हणून हा लेखनप्रपंच.

सकाळी साडेआठच्या सुमारास चकल्या तळत होते. एकाएकी जबडा ठणकायला लागला, पाठीत दोन्ही खांद्यांच्या मधोमध जड झालं, मळमळलं आणि दरदरून घाम फुटला. म्हटलं, पित्त असेल, त्यात शेगडीची धग! ओवा-सैंधव चावलं, पदराने घाम पुसला. ह्यांनी विचारलं, तर म्हटलं, "हा एवढा घाणा होऊ दे." असं करता करता बारा वाजले.

सासूबाई आत आल्या, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांनी गॅसच बंद केला. म्हणाल्या, "तुझे सासरे रात्री असंच म्हणाले होते, 'सकाळी बघू.' ती सकाळ मी एकटीने बघितली."

हे स्कूटर काढायला धावले. शेजारच्या वहिनींनी अडवलं, "वाटेत शुद्ध हरपली म्हणजे?" १०८ ला फोन केला. महाराष्ट्रात २०१४ पासून ही रुग्णवाहिका फुकट येते, बरं का.

कॅज्युअल्टीत आल्या आल्या ईसीजी काढला. हार्ट अटॅकच होता. डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, "आत्ताच." हे हळूच म्हणाले, "साडेआठपासून."

छातीत कळ येते हे खरंच. पण बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना कधी कधी ती येतच नाही. जबडा, पाठ, धाप, मळमळ, घाम, एवढ्यावरच भागतं. अँजिओप्लास्टी झाली, मी वाचले. पण रक्तावाचून मेलेला हृदयाचा स्नायू परत जिवंत होत नाही. आजही जिना चढताना मी मधेच टेकते. ते साडेतीन तास मला तिथे भेटतात.

मग धावायचं कधी? वरच्यासारखं काही झालं तर लगेच. तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं बोबडं झालं, तर घड्याळ बघून ठेवा. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. एक वाक्यही पुरं न होण्याइतकी धाप, दाबून धरूनही न थांबणारं रक्त, पाच मिनिटांहून लांबलेली फीट, गरोदरपणात रक्तस्राव, मलूल पडून दूध न ओढणारं तान्हं, साप चावणं, विष पोटात जाणं, ह्यात सकाळची वाट बघू नका. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी मात्र घालू नका. साधी सर्दी, अंगदुखी असेल, तर आपले नेहमीचे डॉक्टर आहेतच.

आता आमच्या दाराआड एक कापडी पिशवी टांगलेली असते. तीत सगळ्यांच्या औषधांची यादी, जुने रिपोर्ट आणि थोडे पैसे. ऐनवेळी शोधाशोध नको.

"आणि जाऊन पित्तच निघालं तर?" असं विचाराल. निघू दे की! हसत घरी याल. चकल्या काय, दुपारीही तळता येतात.