सैन्य नसलेल्या देशाची खिडकी

एखाद्या देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायला किती वेळ लागेल हो? आपला महाराष्ट्र पायी ओलांडायचा म्हटलं तरी चपलांचे दोन-तीन जोड झिजतील. पण जगात एक देश असा आहे, की मधल्या सुट्टीत डबा खाऊन निघालात, तर घंटा व्हायच्या आत पलीकडच्या टोकाला पोचाल! त्याचं नाव व्हॅटिकन सिटी. क्षेत्रफळ अवघं ४४ हेक्टर. आमच्या गावचं शिवार त्याहून कितीतरी मोठं आहे. आणि गंमत म्हणजे हा अख्खा देश इटलीच्या रोम शहराच्या पोटात बसलेला आहे. जगभरच्या कॅथलिक ख्रिस्ती लोकांचे सर्वोच्च धर्मगुरू, म्हणजे पोप, हेच या देशाचे प्रमुख.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिथे जाऊन आले. माझ्या शाळेतल्या एक बाई वसईच्या. त्यांच्या चर्चमधून रोमच्या यात्रेला मंडळी निघाली होती, त्यांत मीही घुसले. पतपेढीतून कर्ज काढून ही बाई रोमला कशाला चालली, असं काहींनी विचारलंच. असो. निघण्याआधी चौथीच्या वर्गात नकाशा टांगून मी मुलांना तो ठिपका दाखवला.

मागच्या बाकावरच्या एका पठ्ठ्याने विचारलं, "बाई, त्या देशाचं सैन्य केवढं?"

मी म्हटलं, "लढणारं सैन्य नाहीच. पहारेकरी आहेत, एकशे पस्तीस."

सगळा वर्ग खो खो हसला. तो मात्र हसला नाही. म्हणाला, "मग त्यांचं ऐकतं कोण?"

तसा हा प्रश्न जुनाच. पोपकडे सैन्याच्या तुकड्या किती, असं रशियाचा हुकूमशहा स्टॅलिन यानेही एकदा कुत्सितपणे विचारलं होतं म्हणतात. पण आमच्या पठ्ठ्याच्या विचारण्यात कुत्सितपणा नव्हता, त्याला खरंच उत्तर हवं होतं. मी म्हटलं, "जाऊन येते, मग सांगते."

तर चला आता माझ्याबरोबर, सेंट पीटरच्या चौकात. पायाखाली दगडी फरशी, मध्यभागी इजिप्तहून आणलेला उंचच उंच दगडी स्तंभ, आणि दोन्ही बाजूंनी कवेत घ्यावं तशा वळत गेलेल्या खांबांच्या ओळी. बर्निनी नावाच्या शिल्पकाराने सतराव्या शतकात हे उभारलं. खांब आहेत २८४, चार-चारच्या रांगेत. फरशीत एक गोल दगड बसवला आहे, त्यावर उभं राहून पाहिलंत तर मागचे तिन्ही खांब पुढच्याच्या आड लपतात आणि चारांचा एकच होतो! आमच्यातले साठीचे काकासुद्धा त्या दगडावर चढून-उतरून पाहत होते.

दाराशी ते पहारेकरी दिसले. हे स्विस गार्ड. निळ्या, पिवळ्या, लाल पट्ट्यांचा झगमगीत पोशाख, हातात लांब दांड्याचा परशू. १५०६ सालापासून स्वित्झर्लंडचे तरुण ही नोकरी करतात. आता त्यांना आधुनिक हत्यारंही शिकवतात, पण शेजारच्या देशावर स्वारी करायची म्हटली तर हे एकशे पस्तीस जण काय करणार?

तो रविवार होता. दर रविवारी दुपारी बारा वाजता पोप चौकालगतच्या वाड्याच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या, उजवीकडून दुसऱ्या खिडकीत येतात. साडेअकरालाच चौक गजबजला. कुणी खांद्यावर मुलं घेतलेली, कुणी झेंडे धरलेले. आमच्या शेजारी निळे-पांढरे झेंडे घेतलेला एक घोळका होता. ते अर्जेंटिनाचे लोक. तेव्हाचे पोप फ्रान्सिस अर्जेंटिनाचेच ना! त्यामुळे त्यांचा उत्साह विचारू नका. मग त्या खिडकीतून एक लाल कापड खाली सोडलं गेलं आणि मागे पांढरा झगा दिसला. एवढ्या लांबून माणूस करंगळीएवढासुद्धा दिसत नाही. आवाज मात्र भोंग्यातून चौकभर येतो. थकलेला, जड आवाज.

बोलणं इटालियनमध्ये. मला कुठली येतेय इटालियन! पण प्रार्थना झाल्यावर काही शब्द ओळखीचे वाटू लागले. उक्राइना. पालेस्तीना. इझराएले. आणि पुन्हा पुन्हा एक शब्द, 'पाचे'. वसईच्या बाई कानात कुजबुजल्या, "पाचे म्हणजे शांती." तेव्हा युक्रेनमध्ये युद्ध सुरू होऊन पावणेदोन वर्षं झाली होती आणि गाझात महिन्याभरापूर्वीच भडका उडाला होता. शेवटी ते हसून काहीतरी म्हणाले आणि चौकाने टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, "आता काय म्हणाले?" बाई म्हणाल्या, "छान जेवा, पुन्हा भेटू." दर रविवारी ते असंच म्हणत. खिडकी मिटली. लोक खरंच जेवायला पांगले.

मी तिथेच उभी. युद्ध थांबवा म्हणून हे सांगतात, पण त्या युद्धांवर काय परिणाम? पठ्ठ्याचा प्रश्न काही पाठ सोडेना.

त्याचं एक उत्तर त्या निळ्या-पांढऱ्या झेंड्यांच्या देशातच होतं. दक्षिण अमेरिकेचा नकाशा काढा पाहू. अगदी खाली, शेपटाकडे या. तिथे अर्जेंटिना आणि चिली या देशांच्या मधून बीगल नावाची चिंचोळी सामुद्रधुनी जाते. ज्या जहाजातून डार्विनने प्रवास केला, त्याचंच हे नाव. तिच्या तोंडाशी तीन बेटं आहेत: पिक्टन, लेनॉक्स आणि नुएवा. थंडगार वारा नि वस्ती जवळजवळ नाहीच. पण ती ज्याच्या ताब्यात, त्याचा भोवतालच्या समुद्रावर हक्क. त्यावरून दोन्ही देशांत पिढ्यान् पिढ्या भांडण. १९७७ मध्ये पाच न्यायाधीशांच्या लवादाने निकाल दिला, की बेटं चिलीची. अर्जेंटिनाने तो झुगारून दिला. १९७८ च्या डिसेंबरात दोन्हीकडचं आरमार समुद्रात उतरलं, सरहद्दीवर फौजा उभ्या राहिल्या. दोन्ही देशांत लष्करशहांचं राज्य. नाताळ दोन-तीन दिवसांवर आला होता आणि हल्ल्याची वेळसुद्धा ठरली होती!

पोप जॉन पॉल दुसरे गादीवर येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. त्यांनी दोन्ही सरकारांना निरोप धाडला, की माझा माणूस पाठवतो, तोवर थांबा. आणि पाठवलं कुणाला, तर अंतोनिओ सामोरे नावाच्या ७३ वर्षांच्या कार्डिनलना. ऐन नाताळात हे आजोबा विमानात बसले. आज अर्जेंटिनाच्या राजधानीत, उद्या चिलीच्या, पुन्हा अर्जेंटिनाच्या, अशा खेपा त्यांनी घातल्या. ८ जानेवारी १९७९ रोजी दोन्ही देशांनी सही करून कबूल केलं, की बळ वापरणार नाही, फौजा मागे घेऊ आणि पोपच्या मध्यस्थीने तोडगा काढू.

लगेच मिटलं असं मात्र समजू नका हं! सहा वर्षं वाटाघाटी चालल्या. सामोरे तर १९८३ मध्ये वारलेसुद्धा, शेवट पाहायला ते उरले नाहीत. अखेर २९ नोव्हेंबर १९८४ रोजी व्हॅटिकनमध्ये तहावर सह्या झाल्या. बेटं चिलीला मिळाली आणि त्या समुद्रातले काही हक्क अर्जेंटिनाला. अर्जेंटिनाच्या सरकारने त्याआधी लोकांचं मत घेतलं, तेव्हा लोकांनी मोठ्या बहुमताने तहाच्या बाजूने कौल दिला. अँडीज पर्वतात या दोन देशांना जोडणारा एक घाट आहे, त्याला आज 'कार्डिनल सामोरे घाट' म्हणतात. ट्रक, बस, सहलीची मुलं, सगळी त्यातून ये-जा करतात.

इथे का ऐकलं? मला वाटतं, दोघांनाही माघार घ्यायला एक सभ्य वाट हवी होती. शेजाऱ्यापुढे नमलो म्हणायला लाज वाटते, पण दोघांच्याही घरात ज्याचा मान आहे, त्याचं ऐकलं म्हणायला वाटत नाही. वाड्यातल्या भांडणात दोघा काकांना आजी गप्प करते ना, तसंच काहीसं. तिच्या हातात काठी असते ती चालण्यापुरती.

पण आजीचंही दर वेळी कुठे ऐकतात? पहिल्या महायुद्धात, १९१७ च्या ऑगस्टमध्ये, पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी लढणाऱ्या सगळ्या देशांना पत्र लिहून ही निरर्थक कत्तल थांबवा म्हणून सांगितलं. तर फ्रान्समध्ये म्हणाले, हा जर्मनांचा पोप. आणि जर्मनीत म्हणाले, हा फ्रेंचांचा! युद्ध आणखी सव्वा वर्ष चाललं. २००३ च्या १६ मार्चला म्हाताऱ्या जॉन पॉल यांनी याच खिडकीतून, मी महायुद्ध डोळ्यांनी पाहिलं आहे, पुन्हा युद्ध नको, अशी इराकसाठी विनवणी केली. चार दिवसांत बॉम्ब पडू लागले.

हे सगळं मला वाटेत वसईच्या बाई सांगत होत्या. त्यांच्या आजींनी १९६४ मध्ये मुंबईत पोप सहावे पॉल यांना पाहिलेलं. तेव्हा त्यांनी मुंबईतूनच जगाला आवाहन केलं होतं, की शस्त्रांवरच्या खर्चातला थोडा भाग गरिबांसाठी काढून ठेवा. तेही कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मात्र जाताना स्वतःची मोटार ते मदर तेरेसांना देऊन गेले, आणि मदरनी तिची सोडत काढून कुष्ठरोग्यांसाठी पैसा उभा केला!

चौकातून बाहेर पडताना पायाखाली बघा. तोंडाशी जमिनीत पांढरट दगडाची एक पट्टी आहे. व्हॅटिकन संपलं, इटली सुरू. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या सप्टेंबरात हिटलरच्या फौजांनी रोम ताब्यात घेतलं, तेव्हा इथे एक पांढरी रेघ मारली होती. पलीकडे बंदूकधारी जर्मन सैनिक, अलीकडे पोपचं राज्य. ह्यू ओफ्लाहर्टी नावाचे एक आयरिश धर्मगुरू अलीकडे उभे राहत आणि पलीकडच्या शहरात हजारो युद्धकैद्यांना नि ज्यूंना घरोघरी लपवण्याची व्यवस्था करत. जर्मन पोलिसांच्या प्रमुखाने हुकूम दिला होता, की हा माणूस रेघ ओलांडताना दिसला की उचला.

त्या रेघेवरून आम्ही नदीकडे वळलो. टायबर नदी डाव्या हाताला ठेवून दहा-पंधरा मिनिटं चाललं की लुंगारा नावाच्या रस्त्यावर एक मोठी जुनी इमारत लागते. महायुद्धात तिथे लष्करी विद्यालय होतं. १६ ऑक्टोबर १९४३ ला, शनिवारी पहाटे, पावसात, जर्मन सैनिकांनी ज्यूंच्या वस्तीत शिरून बाराशेच्यावर माणसं धरली आणि या इमारतीत आणून कोंडली. त्यांत दोनशेहून जास्त मुलं होती. दोन दिवसांनी हजारावर लोकांना आगगाडीत घालून आउशवित्झच्या छळछावणीत नेलं. परत आले सोळा. मुलांपैकी एकही नाही.

तेव्हा पोप होते पायस बारावे. त्यांच्या मंत्र्याने जर्मन राजदूताला त्याच दिवशी बोलावून घेतलं. रोममधल्या मठांनी हजारो ज्यूंना लपवलं, हेही खरं. पण पोप जाहीरपणे बोलले नाहीत. काही अभ्यासक म्हणतात, बोलले असते तर मठांवर धाडी पडून लपलेलेही मारले गेले असते. काही म्हणतात, अशा वेळी गप्प राहणं चुकलंच. व्हॅटिकनने त्या काळची दफ्तरं २०२० मध्ये अभ्यासकांसाठी खुली केली, वाद अजून चालूच आहे. पुढे जुन्या ज्यू वस्तीत गेलो, तर दारांसमोर फरशीत छोटे पितळी चौकोन बसवलेले. एकेकावर एकेक नाव. आमच्यातले ते काका वाकून वाचत होते. ते काहीच बोलले नाहीत.

सुट्टीनंतर शाळा भरली. मी वर्गात खिडकीचं सांगितलं, आजोबा कार्डिनलचं सांगितलं. बेटांची गोष्ट मुलांना भारी आवडली. भिंतीवरच्या नकाशात ती सापडेनात, इतकी बारकी! शेवटी मी खडूने तीन ठिपके काढले. मग त्या पावसातल्या शनिवारचं थोडक्यात सांगितलं. सांगू का नको, असं आधी झालं होतं.

पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ ला वारले. ८ मे ला नवे पोप लिओ चौदावे सज्ज्यात आले आणि त्यांचे पहिलेच शब्द सर्वांना शांती लाभो असे होते. ते मी पेपरात वाचलं, तेव्हा मला तो पठ्ठ्याच आठवला. कारण त्या दिवशी वर्ग सुटल्यावर तो टेबलापाशी रेंगाळला होता.

"बाई, ती मुलं कोंडली होती ती इमारत आणि ती खिडकी, किती लांब?"

मी पर्समधून रोमचा नकाशा काढून दिला. कंपासपेटीतली पट्टी घेऊन त्याने चौकापासून त्या इमारतीपर्यंत अंतर मोजलं, खालच्या प्रमाणाशी ताडून पाहिलं, पुन्हा मोजलं.

"एक किलोमीटरसुद्धा नाही, बाई."