पुढच्या आठवड्याचा समुद्र

समुद्राच्या आठवडाभराच्या अंदाजात पाच गोष्टी असतात: भरती-ओहोटी, दूरवरून येणारी लाट, जागच्या वाऱ्याने उठणारी लाट, वारा आणि पाण्याची ओढ. पावसाचा व गडगडाटाचा इशारा त्यांच्या जोडीला येतो. एकाच पत्रकात शेजारी शेजारी छापल्यामुळे या गोष्टी सारख्याच भरवशाच्या वाटतात, पण त्या तशा नसतात. भरतीची वेळ वर्षभर आधी सांगता येते. दूरची लाट पाच-सहा दिवस आधी कळते, वारा साधारण तीन दिवस आधी, आणि संध्याकाळचा वादळी झोत जेमतेम दोन-तीन तास आधी. आठवड्याचा अंदाज वाचणे म्हणजे यातले काय पक्के आणि काय कच्चे, हे वेगळे करणे.

भारतीय किनाऱ्यासाठी हे काम मुख्यतः दोन संस्था करतात. वारा, पाऊस, कमी दाबाची क्षेत्रे आणि चक्रीवादळे यांची जबाबदारी १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान विभागाकडे आहे. लाटा, प्रवाह, पाण्याचे तापमान आणि मासळीची संभाव्य क्षेत्रे यांचा अंदाज हैदराबादची ‘इन्कॉइस’ देते. ही संस्था १९९९ पासून काम करते. सिंधुदुर्गातील एका बंदरावर मच्छीमार संस्थेच्या फळ्यावर हे दोन्ही अंदाज मराठीत उतरवून लिहिण्याचे काम प्रस्तुत लेखकाने काही हंगाम केले. पुढील विवेचन त्या कामातून आणि फळ्यासमोर थांबणाऱ्या तांडेलांच्या प्रश्नांतून आलेले आहे.

कोकणात हंगामाची चौकट ठरलेली आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. बंदी उठली तरी ऑगस्टमध्ये पावसाळी लाट पूर्ण ओसरलेली नसते, म्हणून पारंपरिक मच्छीमार नारळी पौर्णिमेनंतरच दर्यात उतरणे पसंत करतात. तेव्हापासून मे अखेरपर्यंत फळ्याला महत्त्व असते. त्यातही ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मे हे महिने नाजूक, कारण अरबी समुद्रातील बहुतेक चक्रीवादळे याच सुमारास होतात.

पाचांपैकी सर्वांत भरवशाची गोष्ट भरती-ओहोटी. तिचे गणित चंद्र-सूर्याच्या स्थितीवर चालते आणि कोकणातल्या जुन्या माणसांना त्यासाठी छापील तक्ता लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. पंचमीला पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या आसपास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. पश्चिम किनाऱ्यावर भरतीची लाट दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मालवणला ही वेळ थोडी आधी येते आणि मुंबईला थोडी नंतर. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी सर्वांत वर चढते व सर्वांत खाली जाते. अष्टमीच्या भांगाला चढउतार कमी असतो. मुंबईत उधाणाचे पाणी कधी कधी पाच मीटरच्या जवळ पोहोचते, मालवण-देवगडकडे उधाणाचा चढउतार साधारण दोन मीटरचा असतो. हा आकडा लहान वाटला तरी खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा असेल तर नौका आत घेता येईल की नाही, हे त्याच दोन मीटरवर ठरते. फळ्यावर सर्वांत वर भरतीच्या वेळा लिहिल्या जात, आणि त्या आठवडाभर पुसाव्या लागत नसत.

दुसरी गोष्ट दूरची लाट. हवामानाच्या भाषेत तिला स्वेल म्हणतात. ती जागच्या वाऱ्याने उठत नाही. दक्षिण हिंदी महासागरात चाळीस अंश अक्षांशाच्या आसपास मोठी वादळे होतात, आणि त्यांतून सुटलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून भारताच्या किनाऱ्याला लागतात. दोन लागोपाठच्या लाटांमधले अंतर सेकंदांत मोजतात, त्याला लाटेचा कालावधी म्हणतात. कालावधी जितका मोठा, तितकी लाट वेगवान. सोळा सेकंदांच्या लाटांचा समूह खोल पाण्यात ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेगाने पुढे सरकतो, म्हणजे दिवसाला हजारभर किलोमीटर. सहा हजार किलोमीटरवरच्या वादळाची लाट कोकणात यायला साधारण सहा दिवस लागतात. वादळ होऊन गेलेले असते आणि लाट वाटेवर असते, म्हणूनच तिचा अंदाज आठवडाभर आधी बऱ्यापैकी खात्रीने देता येतो. वारा अजिबात नाही, आकाश स्वच्छ आहे आणि तरीही किनाऱ्यावर लाट फुटते आहे, असे दिवस याच कारणाने येतात. केरळात अशा अचानक आत घुसणाऱ्या पाण्याला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, आणि इन्कॉइस त्याचे स्वतंत्र इशारे देते.

हिवाळ्यात स्वेलची दिशा बदलते. अरबस्तानच्या बाजूला ‘शमाल’ नावाचे वायव्येचे जोरदार वारे वाहतात आणि त्यांच्या लाटा अरबी समुद्र ओलांडून कोकणापर्यंत येतात. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी या लाटांचा सविस्तर अभ्यास केला आहे. नैर्ऋत्येच्या लाटेपासून आडोसा देणारी एखादी जागा वायव्येच्या लाटेला उघडी पडू शकते. त्यामुळे फळ्यावर लाटेची उंची लिहून भागत नसे, दिशाही लिहावी लागे.

तिसरी गोष्ट जागच्या वाऱ्याची लाट. तिचा कालावधी चार-पाच सेकंदांचा असतो. ती वाऱ्याबरोबर उठते आणि वारा पडला की काही तासांत बसते. उंची सारखी असली तरी या दोन लाटांचा त्रास वेगवेगळा असतो. पाच सेकंदांची लाट सुमारे दहा-अकरा वाव पाण्यात तळ ओळखू लागते, तर सोळा सेकंदांची लाट शंभर वावांहून अधिक खोलीवरच. म्हणून खोल समुद्रात एक मीटरचा लांब स्वेल नौकेला जाणवतही नाही, आणि तोच उथळ पाण्यात, खडपाजवळ किंवा दांड्यावर उभा राहून फुटतो. ट्रॉलरवाल्याला आखूड लाटेचा त्रास जास्त, तर किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्यांना आणि होडी पुळणीवर घेणाऱ्यांना लांब लाटेचा.

अंदाजात दिलेली लाटेची उंची ही सर्वांत मोठ्या लाटेची उंची नसते. येणाऱ्या लाटांपैकी मोठ्या एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. अंदाज दोन मीटरचा असेल तर काही लाटा त्याहून लहान असतात आणि काही बऱ्याच मोठ्या. सहा सेकंदांच्या लाटा धरल्या तर दोन तासांत बाराशे लाटा येऊन जातात, आणि त्यांत एखादी जवळजवळ दुप्पट उंचीची असणे स्वाभाविक आहे. हे समजावून सांगितल्यावर अनेक तांडेलांनी मान डोलावली. दोन मीटरच्या दिवशी चार मीटरची लाट त्यांनी पाहिलेली होती आणि अंदाज चुकला, असा त्याचा अर्थ लावलेला होता.

चौथी गोष्ट वारा. ऑक्टोबर ते फेब्रुवारीत कोकण किनाऱ्यावर त्याचे रोजचे चक्र असते. रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा, दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा. पहाटे मतलईवर बाहेर पडायचे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परतायचे, ही शिडाच्या काळापासूनची पद्धत आहे. आठवड्याच्या अंदाजात दिवसाला वाऱ्याचा एकच आकडा दिला असेल, तर हे चक्र त्यात दिसत नाही, ते वाचणाऱ्याने मनात धरावे लागते. एककांचा घोळ त्यात आणखी भर घालतो. हवामान विभागाच्या इशाऱ्यात वारा ताशी किलोमीटरमध्ये असतो: ४५ ते ५५, झोत ६५ पर्यंत. मोबाइलवरच्या परदेशी ॲपमध्ये तोच वारा २५ ते ३० नॉट असा दिसतो. दोन्ही आकडे एकाच वाऱ्याचे आहेत हे न कळल्यामुळे ‘सरकारी अंदाज नेहमी फुगवलेला असतो’ असा समज बंदरावर पसरलेला आढळला. फळ्यावर दोन्ही एकके शेजारी लिहायला लागल्यावर तो वाद मिटला.

पाण्याची ओढ ही पाचवी गोष्ट. पावसाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे असतो, हिवाळ्यात उत्तरेकडे. जाळे कुठे वाहत जाईल यासाठी ती महत्त्वाची, सुरक्षिततेसाठी तुलनेने कमी.

आता खात्रीचा प्रश्न. पहिल्या तीन दिवसांचा वाऱ्याचा अंदाज कामाला येतो. चौथ्या-पाचव्या दिवसाचा फक्त कल म्हणून पाहावा. सहाव्या-सातव्या दिवशी पत्रकात शांत समुद्र दिसतो आहे, याचा अर्थ धोका नाही असा होत नाही, धोका अजून दिसत नाही एवढाच होतो. कमी दाबाचे क्षेत्र तयार होण्याआधी त्याचा मार्ग सांगता येत नाही. वाऱ्याचा वेग ताशी ३१ किलोमीटर झाला की त्याला डिप्रेशन म्हणतात, ६२ झाला की चक्रीवादळ. हा प्रवास कधी चार दिवसांत होतो, कधी एका दिवसात. २०१७ च्या नोव्हेंबर अखेरीस ओखी वादळ कन्याकुमारीच्या समुद्रात असेच झपाट्याने वाढले. तोवर बाहेर पडलेल्या नौकांपैकी अनेकांना परतता आले नाही, आणि केरळ व तमिळनाडूच्या कित्येक नौका वाहत, झुंजत देवगडच्या आसऱ्याला आल्या. त्या निघाल्या तेव्हा समुद्र शांत होता.

बंदरावरचा बावटा ही याच माहितीची जुनी खूण. एक नंबरचा बावटा म्हणजे दूर समुद्रात बिघाडाची शक्यता, दोन नंबरचा म्हणजे दूर वादळ झालेले आहे, तीन नंबरचा म्हणजे या बंदरालाच वादळी वाऱ्याचा धोका. पुढे क्रमाने अकरापर्यंत खुणा आहेत, आणि अकरावी संपर्क तुटल्याची. संध्याकाळच्या वादळी झोताची गोष्ट वेगळी. ऑक्टोबर आणि मे महिन्यांत सह्याद्रीवर दुपारी ढग जमून संध्याकाळी गडगडाटासह किनाऱ्यावर उतरतात. हा झोत आठवड्याच्या पत्रकात नेमका सापडत नाही. त्यासाठी हवामान विभाग तीन तासांपुरता तातडीचा इशारा देतो, आणि तो त्याच दिवशी पाहावा लागतो.

या वेगवेगळ्या गोष्टी एकत्र आल्या की काय होते, ते २०१९ च्या दिवाळीत दिसले. ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यात रत्नागिरीच्या पश्चिमेला समुद्रात क्यार वादळ तयार झाले आणि २७ तारखेपर्यंत महाचक्रीवादळाच्या पातळीला पोहोचले. ते किनाऱ्यावर आले नाही, ओमानच्या दिशेने दूर सरकत गेले. नकाशा पाहणाऱ्यांना वाटले, संकट टळले. पण त्याच्या लाटा मागे कोकणाकडे येत राहिल्या आणि २७ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजनाची अमावास्या होती. वादळाचा स्वेल आणि अमावास्येचे उधाण एकत्र आल्याने सिंधुदुर्गाच्या सखल किनारी वस्त्यांत पाणी शिरले. उधाणाची तारीख पंचांगात वर्षभर आधी छापलेली होती, लाटेचा अंदाज काही दिवस आधी आलेला होता. दोन्ही एकत्र वाचणे तेवढे गरजेचे होते.

लहान नौकांसाठी आता स्वतंत्र सोय झाली आहे. सात मीटरपर्यंत रुंदीच्या नौका उलटण्याचा धोका कुठे आणि कधी आहे, हे लाटेची उंची, तिचा चढ आणि वाऱ्याची झपाट्याने होणारी वाढ यांवरून इन्कॉइस दहा दिवस आधी सांगते. किनाऱ्यापासून लांब मोबाइल चालत नाही, म्हणून उपग्रहाद्वारे संदेश घेणारी यंत्रे नौकांवर बसवण्याची योजनाही सुरू झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथील कार्यक्रमात तिचा प्रारंभ झाला. तरीही बंदरावर माहिती सर्वांत वेगाने पसरते ती व्हॉट्सॲपवरून, आणि तिथला मोठा दोष म्हणजे तारीख नसलेली पत्रके. मागच्या वर्षीचा इशारा नव्याने फिरताना आणि त्यापायी दिवस वाया जाताना फळ्यासमोर वारंवार पाहायला मिळाले. उलटही घडे. संपूर्ण महाराष्ट्र किनाऱ्याला दिलेला इशारा पालघरला खरा ठरे आणि मालवणला ऊन पडलेले असे. असे दोन-तीनदा झाले की पुढच्या इशाऱ्याकडे कोणी पाहत नसे.

फळ्यासमोर सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न मात्र आकड्यांचा नव्हता. “गुरुजी, आकडो ऱ्हवांदे, परत येवक गावतला काय ता सांगा,” असे एक वयस्कर तांडेल दर खेपेला म्हणत. अंदाज वाचण्याची योग्य रीत त्यातच आहे. रापणीला सकाळचे काही तास पुरतात, त्यांना आजचा अंदाज पुरे. होडी दुपारी परतते, तिला दुपारचा वारा आणि भरतीची वेळ हवी. आठवडाभर बाहेर राहणाऱ्या ट्रॉलरला मात्र सातव्या दिवसाचा समुद्र हवा असतो, आणि तोच अंदाजाचा सर्वांत कच्चा भाग असतो. त्यामुळे लांब जाणाऱ्या नौकेने निघतानाच जवळच्या आसऱ्याची बंदरे ठरवावीत, रोज एकदा ताजे पत्रक मिळवावे आणि चौथ्या दिवशी परतीचा निर्णय नव्याने घ्यावा.

वाचकांपैकी जे समुद्रात जातात, त्यांनी पत्रक हाती घेताना आधी त्यावरची तारीख व वेळ पाहावी, मग किनाऱ्याच्या कोणत्या भागासाठी ते आहे ते पाहावे, आणि निघण्याच्या दिवसाऐवजी परतण्याच्या दिवसाची ओळ प्रथम वाचावी. समुद्रात अडचण आल्यास तटरक्षक दलाचा निःशुल्क क्रमांक १५५४ आहे. मोबाइलच्या पल्ल्याबाहेर व्हीएचएफ संचाचा सोळावा चॅनल त्यासाठीच राखलेला असतो.