लोखंडाला पाणी

कोकणात शेतीरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक असलेली घरं अजून आहेत. आमचं त्यातलंच एक. शहरातल्या मित्रांना हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे शिकार करता?" नाही हो! १९७२ पासून वन्यजीवांचा कायदा आहे. केळीत वानरं किंवा भातात डुकरं शिरली की नुसत्या दारूचा बार काढायचा, आवाजाने कळप पळतो. बार क्षणाचा. खरं काम त्यानंतरचं, बंदूक धुण्याचं.

हो, धुण्याचंच. तेही कढत पाण्याने. लोखंडाला पाणी लावायचं हे ऐकूनच लोक दचकतात. पण काळ्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा आणि १० टक्के गंधक असतं. जळल्यावर तिचा निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही. थोडा धुरातून जातो, बाकीचा नळीला चिकटतो. त्यातले क्षार हवेतला ओलावा ओढतात. आणि आमच्याकडची हवा तर तुम्हाला माहीतच आहे! हे क्षार पाण्यात विरघळतात, तेलात नाही. न धुता तेल लावणं म्हणजे घाणीवर पांघरूण घालणं.

अण्णा आधी गज नळीत सोडून बघतात. रिकाम्या नळीचं माप गजावर खूण करून ठेवलंय. खूण तोंडाशी आली नाही, तर नळी ठासलेली असू शकते, मग पाणी वगैरे सगळं नंतर. नळी रिकामी असली की केप जिच्यावर बसते ती छोटी पोकळ नळी आटे सोडवून काढायची. मग पाणी ओतायचं, गजाला चिंधी बांधून घासायचं, काळं पाणी पांढरं येईपर्यंत. तापलेली नळी लवकर वाळते. कोरडी झाली की तेलाचा पातळ हात. पुढच्या वेळी ठासण्याआधी तेही पुसायचं, नाहीतर दारू ओलावते आणि बार फुसका जातो.

२०२४ मध्ये लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही वेळा बंदूक ठाण्यात जमा होती. परत आल्यावर अण्णांनी आधी पाणीच तापत ठेवलं. आता त्यांचा हात थरथरतो. परवान्यावर माझं नाव घालायचं का, हे घरात अजून ठरत नाही. कागद होतील हो. पण बार काढल्याच्या संध्याकाळी नळी धुवायला माणूस घरात लागतो, आणि मी असतो पुण्यात.